शहाबाद : नदी, रूळ आणि फरशी

मराठी घरात असे एक गाव नांदते आहे, की ज्याचे नाव प्रत्येकाच्या ओठी असते. परंतु ते गाव आहे याचे भान क्वचितच कोणाला असते. ‘शहाबादी फरशी’ हा तो शब्द. माजघर, स्वयंपाकघराचा ओटा, मोरी, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप आणि वाचनालयाची ओसरी एवढ्या ठिकाणी हा दगड पिढ्यान्‌पिढ्या पायांखाली राहिला. त्याला नाव देणारे शहाबाद कर्नाटकातील कलबुर्गी (पूर्वीचा गुलबर्गा) जिल्ह्यात, कागिणा नदीच्या परिसरात वसलेले आहे.

कागिणा ही भीमेची उपनदी. पूर्वेकडून वाहत येताना तिने मळखेड पाहिले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. पुढे ही नदी भीमेला मिळते. ही भीमा म्हणजे पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वंदिली जाणारी आणि तेथून गाणगापूरला दत्तभक्तांना स्नान घडवून येणारी नदी होय. राज्यांच्या सीमा नकाशावर आखल्या जाण्यापूर्वीपासून या प्रवाहाने मराठी आणि कन्नड मुलखास एका धाग्यात ओवलेले आहे.

शहाबादचा दगड मात्र या सर्व इतिहासाहून कितीतरी प्राचीन. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे पसरलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचत गेला आणि त्याचा चुनखडक बनला. हे थर पातळ व सपाट असल्याने पहार आणि छिन्नी योग्य जागी लावताच त्याची पाटासारखी लादी सुटून येते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, तो लाव्हारसातून घडलेला. तो कठीण असून भिंतीस उत्तम. परंतु त्याची अशी पातळ लादी निघत नाही. म्हणजे जे मराठी मुलखाच्या भूमीत नव्हते, ते भीमेच्या खालच्या अंगास विपुल होते.

तथापि केवळ असणे पुरेसे नसते. फरशी हा जड आणि स्वस्त माल. बैलगाडीतून शेकडो मैल नेल्यास दगडाच्या किमतीहून भाडेच अधिक पडावयाचे. म्हणून शतकानुशतके हा दगड आसपासच्या गावांच्या भिंती, छपरे आणि अंगणे यांपुरताच राहिला. ही स्थिती पालटली ती आगगाडीमुळे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. तेथून तो निजामाच्या राज्यात शिरून गुलबर्गा, शहाबाद, वाडी असा पुढे सरकला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला. मुंबई आणि मद्रास जोडल्या गेल्या. पण निजामाची राजधानी हैदराबाद या मार्गापासून दूर पूर्वेस राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठी शहाबादच्या पुढच्याच वाडी स्थानकापासून सिकंदराबादकडे लोहमार्ग घातला गेला आणि १८७४ मध्ये तो सुरू झाला. वाडी हे जंक्शन झाले. तेथे गाडी बदलल्याविना मुंबईच्या बाजूने हैदराबादेस जाणे कठीण, असा तो काळ होता.

शहाबादच्या वाट्याला जंक्शनचा मान आला नाही. त्याच्या वाट्याला आल्या मालगाड्या. खाणीतून निघालेली लादी स्थानकावर येई आणि तेथून सोलापूर, पुणे, मुंबई या दिशेने निघे. मराठी घरांतील शेणाने सारवलेल्या जमिनीची जागा या फरशीने घेतली, त्याचे मोठे कारण या लोहमार्गाची दिशा हे होय. मार्ग अन्य दिशेने गेला असता, तर आपल्या भाषेत कदाचित दुसऱ्याच एखाद्या गावाचे नाव फरशीला चिकटले असते. सिकंदराबादच्या मार्गावरील तांडूरची फरशीही अशाच रीतीने नावारूपास आली.

त्याच चुनखडकाने पुढे सिमेंटचे युग आणले. शहाबादेत सिमेंटचा कारखाना निघाला. १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ए.सी.सी. स्थापन झाली, तिच्यात शहाबादची कंपनीही होती. १९६८ मध्ये वाडी येथेही याच उद्योगसमूहाचा कारखाना उभा राहिला. कारखाना, खाण आणि रेल्वे यांच्या आधाराने मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे येथे एकत्र नांदली.

राजकीय सीमा मात्र बदलत गेल्या. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम उभा करणारे स्वामी रामानंद तीर्थ १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले ते गुलबर्गा येथून. चारच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आणि गुलबर्गा, बिदर म्हैसूर राज्यात गेले. बिदरचा काही मराठी भाग मराठवाड्याकडे आला, भालकीसारखा भाग तिकडेच राहिला. गुलबर्ग्यात १९०७ मध्ये स्थापन झालेल्या नूतन विद्यालयासारख्या संस्था आणि सीमाभागातील मराठी वाचक यांना या नव्या नकाशात आपले स्थान पुन्हा शोधावे लागले. नदी व रूळ यांना मात्र सीमा ओलांडण्यास परवाना लागला नाही. २०१७ मध्ये बिदर–कलबुर्गी लोहमार्ग खुला झाला, तेव्हा या दोन जिल्हा-ठिकाणांचे जुने अंतर मिटले.

आज घराघरांत चकचकीत टाइल्स आल्या आहेत आणि शहाबादी फरशी परसदार, जिना आणि पदपथ यांकडे सरकली आहे. खाणीतील श्रम मात्र कधीच हलके नव्हते. उन्हात तापलेल्या दगडावर बसून लादी सोडविणाऱ्या पाथरवटांची नावे कोणत्याही बखरीत नोंदलेली नाहीत. राजांचे शिलालेख आपण जपतो. त्यांवर अक्षरे असतात म्हणून. या लाद्यांवर अक्षरे नाहीत, पण त्या फोडणाऱ्या हातांचे घाव आहेत. जुन्या वाचनालयाची फरशी उखडताना एवढे तरी स्मरावे, की ज्या जमिनीवर बसून मराठी माणसाने पुस्तके वाचली, ती भीमेच्या खोऱ्यातून, आगगाडीने, कन्नड मुलखातून त्याच्या दारी आलेली होती.