नागरी हक्कांचे संरक्षण : विनयपिटकापासून गिरणगावापर्यंत

विनयपिटकातील पाचित्तिय प्रकरणाचा दुसरा नियम ‘ओमसवाद’ या नावाने ओळखला जातो. ओमसवाद म्हणजे अपमानकारक, टोचून केलेले बोलणे. षड्‌वर्गीय म्हणून प्रसिद्ध असलेल्या भिक्खूंनी सदाचारी भिक्खूंना हिणवले, तेव्हा तथागतांनी हा नियम घालून दिला. त्या प्रसंगी त्यांनी तक्षशिलेच्या नंदिविसाल बैलाची कथा सांगितली. पैज लावून गाड्याला जुंपलेल्या या बैलाला मालकाने भर लोकांत कुत्सित शब्दाने हाक मारली. बैलाने पाऊल उचलले नाही आणि मालक पैज हरला. अपमान हा पशूलाही सहन होत नाही, मग मनुष्याची काय कथा, हे त्या कथेचे तात्पर्य आहे.

तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने कथेपेक्षा त्या नियमाचे विभंग, म्हणजे स्पष्टीकरण, अधिक महत्त्वाचे आहे. अपमान कोणकोणत्या गोष्टींवरून होतो याची दहा स्थाने तेथे मोजून दिली आहेत. त्यांत पहिले स्थान जातीचे आहे. पुढे नाव, गोत्र, काम, शिल्प, व्याधी, शरीरचिन्ह इत्यादी येतात. हीन मानल्या गेलेल्या जातींत चांडाळ, वेण, निषाद, रथकार आणि पुक्कुस यांची नावे आहेत; हीन मानल्या गेलेल्या शिल्पांत बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार आणि न्हावी यांची. या जाती वा ही कामे खरोखरच हीन आहेत, असे विनय म्हणत नाही. लोक त्यांना हीन लेखतात आणि त्यावरून माणसाला खाली पाहावयास लावतात, हे तो नोंदवितो व तसे करणाऱ्या भिक्खूस दोषी ठरवितो. ज्या न्हाव्याचे शिल्प या यादीत आहे, त्याच शिल्पातून आलेल्या उपालि थेरांनी पहिल्या संगीतीत संपूर्ण विनयाचे संगायन केले, हेही येथे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट. विभंगाने दोष ठरविताना बोलणाऱ्याचा हेतू पाहिला आहे. हिणवण्याच्या इच्छेने उच्चारलेला प्रतिष्ठित शब्दही तेथे अपराध ठरतो. जातीवरून होणारी मानहानी हा स्वतंत्र दोष मानून, तिची स्थाने मोजून, हेतूची कसोटी लावून तिला दंडनीय ठरविणारे हे आपल्या देशातील फार प्राचीन विधान होय.

परंतु या विधानाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विनय हा संघाचा कायदा होता, समाजाचा नव्हता. संघात आलेल्या पुक्कुसाला त्याने संरक्षण दिले. गावाबाहेर राहिलेल्या पुक्कुसासाठी त्याच्याजवळ उपदेश होता, दंडशक्ती नव्हती. संघ क्षीण झाला तेव्हा हे संरक्षणही लोपले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विसाव्या शतकात जे कार्य हाती घेतले, त्याचा एक अर्थ असा लावता येतो की संघाच्या सीमेत असलेला हा नियम त्यांनी राज्याचा कायदा करून दाखविला. या कार्याचा फार मोठा भाग मुंबईच्या परळ, लालबाग व दादर या परिसरात घडला. त्याचा इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

दंडाविना ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यवर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. दादरमधील एक रस्ता आजही बोले यांच्या नावाने ओळखला जातो. त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना या ठरावाची आठवण असेल?

१९२४ च्या जुलै महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती आणि बाबासाहेबांचे वास्तव्य तेथून जवळच, पोयबावाडीतील बी.आय.टी. चाळीत होते. बोले ठराव कागदावरच राहिला होता. त्याची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोले यांना १९२६ साली आणावा लागला. त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात ‘सार्वजनिक’ या शब्दात अस्पृश्यांचा समावेश होतो की नाही, यावरून वाद पेटला. प्रबोधनकार ठाकरे, बोले आणि बाबासाहेब हे तिघेही त्यात अस्पृश्यांच्या बाजूने उभे होते. सार्वजनिक म्हणजे कोणाचे, हाच प्रश्न पुढील वर्षी महाडला अधिक उग्र रूपात उभा राहिला.

२० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह वाचकांस सुपरिचित आहे. त्याची कायदेशीर बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा आपला पूर्वीचा ठराव ऑगस्ट १९२७ मध्ये रद्द केला आणि डिसेंबरमध्ये स्पृश्यांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. तो दावा खालच्या न्यायालयांतून चढत चढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी स्पृश्यांचे अपील फेटाळले. विजय झाला खरा. पण निकालाचा आधार काय होता? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आली आहे, हे वादी सिद्ध करू शकले नाहीत, हा तो आधार. म्हणजे माणूस म्हणून अस्पृश्याचा पाण्यावर हक्क आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. रूढीचा पुरावा अपुरा पडला, एवढेच म्हटले. पुरावा पुरेसा असता तर? एका ओंजळभर पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे न्यायालयात उभे राहावे लागले आणि तरीही मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. रूढी हीच कायद्याच्या आसनावर बसली असताना केवळ ठरावांनी काही साधत नाही, हा महाडच्या दाव्याचा खरा धडा होय.

धोट्यातील सूत

गिरणगावातील प्रश्न पाण्याचा नव्हता, भाकरीचा होता. अस्पृश्य कामगारांना गिरण्यांत काम मिळे, पण ते बहुधा कमी मजुरीच्या त्रासन खात्यासारख्या विभागांत. जास्त मजुरीचे विणखाते, म्हणजे साचेखाते, त्यांना बंद होते. कारण असे सांगितले जाई की कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा स्पृश्य विणकराने कसा वापरावा? यंत्रयुगाने आणलेल्या साच्यावर मनूची सोवळ्याची कल्पना अशी जाऊन बसली होती.

येथे विनयातील यादीचे स्मरण होते. बुद्धकाळी विणकाम हे हीन शिल्पांत गणले जात होते. गिरणगावात तेच विणकाम इतके ‘उच्च’ झाले की अस्पृश्याला त्याचे दार बंद करावे लागले. काम तेच, धागा तोच. फक्त त्यातून मिळणारी मजुरी वाढली होती. जातीचा उच्चनीचभाव कामाच्या स्वरूपातून निर्माण होतो असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते द्यावे?

१९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. विणखात्यातील मज्जाव दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घातली नाही, तर अस्पृश्य कामगार संपात राहणार नाहीत, असे त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी ती नाखुषीने स्वीकारली. हे प्रकरण फॉसेट समितीपुढे आले तेव्हा, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, अशी भूमिका मालकांनी घेतली. मालक म्हणाले, दोष कामगारांचा. कामगारपुढारी वर्गाच्या ऐक्याची भाषा बोलत होते. अन्याय मात्र चालूच होता आणि त्याचा कर्ता कोणीच नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी सांगितले, त्यामागे गिरणगावचा हा अनुभव होता.

एका नावाचा प्रवास

१९३०-३१ च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब व श्री. आर. श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक समितीला अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना सादर केली. तिच्यात हक्कांची नुसती घोषणा नव्हती. हक्क नाकारणाऱ्यास शिक्षेची तरतूद होती. त्यासाठी अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीनंतर झालेल्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यांचा आधार घेतला होता. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरावा यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आदर्श पुढे ठेवला होता. मुंबई इलाख्यातील स्टार्ट समितीचे एक सभासद म्हणून बहिष्काराचे शस्त्र खेड्यापाड्यांत कसे चालते हे बाबासाहेबांनी जवळून पाहिले होते. हक्क मागणाऱ्याचे दुकान, दळण आणि मजुरी बंद केली की हक्क आपोआप मरतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अमेरिकेतील १८७५ च्या कायद्याचे पुढे काय झाले तेही जाणून घेण्याजोगे आहे. १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा महत्त्वाचा भाग रद्द केला. राज्यसंस्थेला भेदभाव करता येणार नाही, परंतु खाणावळवाला वा नाटकगृहाचा मालक यांच्यावर संविधानाचे बंधन नाही, असा त्याचा सारांश. आपल्या संविधानात ही उणीव ठेवलेली नाही. सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करताना ती पाळणारा सरकार आहे की शेजारी, असा भेद करीत नाही. पंधराव्या कलमाचा दुसरा खंड दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव व रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख करतो. तेराव्या कलमाने रूढीलाही ‘कायदा’ या संज्ञेत घेऊन मूलभूत हक्कांच्या कसोटीवर उभे केले. महाडच्या दाव्यात अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते.

संविधानानुसार केलेला अस्पृश्यता (अपराध) कायदा १ जून १९५५ रोजी अंमलात आला. त्याचे विधेयक राज्यसभेत आले तेव्हा, सप्टेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेबांनी त्याच्या नावालाच हरकत घेतली. त्याला अस्पृश्यांच्या नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा म्हणावे, असे त्यांचे मत होते. हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. १९३८ साली ‘हरिजन’ या शब्दाच्या निषेधार्थ त्यांनी मुंबई विधानसभेत सभात्याग केला होता. नावात दया असली तर कायद्यात दया येते. नावात हक्क असला तर कायद्यात हक्क येतो. १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन याच कायद्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणास तेव्हा वीस वर्षे होत आली होती.

त्या दुरुस्तीने गुन्हे आपसात मिटविण्याची सोय काढून टाकली, किमान एक महिन्याची कैद ठेवली, तपासात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या लोकसेवकालाही जबाबदार धरले. चौथ्या कलमात व्यवसाय व धंद्याबरोबरच ‘कोणत्याही कामावरील नोकरी’ या अर्थाचे शब्दही घातले. १९२८ साली ज्याला कोणी जबाबदार नव्हता, त्या साचेखात्याच्या मज्जावासारख्या अन्यायाला आता कायद्यात स्पष्ट जागा मिळाली. दैवदुर्विलास असा की त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये, गिरण्यांचा अखेरचा मोठा संप सुरू झाला आणि साचेच बंद पडत गेले.

धर्मांतरितांचा प्रश्न

आता आपल्या स्वतःच्या प्रश्नाकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांना या कायद्याचे संरक्षण किती मिळाले? कायद्याच्या बाराव्या कलमात एक मोलाची तरतूद आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध हे अनुसूचित जातीत मोडत नव्हते. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या निवडणूक प्रकरणात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना शिक्षणात व नोकरीत सवलती दिल्या, पण केंद्रीय कायद्याचे हे गृहीतक त्यांना लागू होऊ शकत नव्हते. धर्म बदलला म्हणून गावाने पाणवठा दिला नाही; कायद्याने मात्र धर्म बदलला म्हणून पुराव्याचा भार त्याच्याच खांद्यावर टाकला.

जातीवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा १९८९ चा कायदा ३० जानेवारी १९९० रोजी लागू झाला, तोही अनुसूचित जाती व जमातींसाठी. बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश करणारी दुरुस्ती त्याच वर्षी जूनमध्ये झाली. चौतीस वर्षांची ही उणीव तेव्हा भरून निघाली.

या कायद्याने सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी, मानहानीच्या हेतूने, हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा ठरविला. विनयाच्या अभ्यासकाला ‘ओमसवादा’ची आठवण येथे आल्याशिवाय राहत नाही, जातीचे स्थान तेच, हेतूची कसोटी तीच. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळ तसेच सामाजिक व आर्थिक बहिष्कार यांचा त्यात स्पष्ट समावेश केला. गोलमेज परिषदेतील मागणीला उत्तर मिळण्यास अशी पंच्याऐंशी वर्षे लागली. मार्च २०१८ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी चौकशी व मंजुरी यांच्या अटी घातल्या. संसदेने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती केली आणि न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी आपले ते निर्देश मागे घेतले. मिळालेले संरक्षण टिकवावेही लागते, हे यावरून दिसून येते.

समारोप

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कायद्यातील प्रत्येक शब्दामागे कोणाचा तरी अनुभव आहे. ‘नोकरी’ या शब्दामागे लालबाग-परळचा कामगार आहे, ‘रूढी’ या शब्दामागे महाडचे तळे आहे, ‘बहिष्कार’ या शब्दामागे खेड्यातील बंद झालेले दुकान आहे. दुसरी, कायदा स्वतःहून चालत नाही. विनयातही तक्रार संघापुढे मांडावी लागे, दोन्ही पक्ष समोरासमोर आणावे लागत, मगच निर्णय होई. मौन पाळणाऱ्याला विनयाचाही उपयोग नव्हता.

आज साच्यांचा आवाज थांबलेल्या गिरणगावात गगनचुंबी इमारती उभ्या आहेत. धोटा नाही, पण घर देताना आडनाव विचारण्याची रीत गेली आहे, असे कोणी म्हणेल काय? निवासासाठी जागा मिळण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणे हा त्याच चौथ्या कलमाखाली गुन्हा आहे. हे किती विहारांत सांगितले जाते? वर्षावासात आपण सुत्तांचे वाचन करतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर एखादा दिवस नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या वाचनासाठी ठेवावा, घडलेल्या प्रसंगाची तारीख, वेळ व साक्षीदार लिहून कसे ठेवावेत हे तरुणांना शिकवावे. संघाच्या सीमेबाहेर राहिलेल्या माणसाला जे संरक्षण विनय देऊ शकला नाही, ते बाबासाहेबांनी राज्याच्या कायद्यात आणून ठेवले आहे. त्याचा अभ्यास करणे आणि प्रसंगी त्याचा आधार घेणे, हाही धम्माचरणाचाच एक भाग होय.