वडिलांची आरमारातील चार वर्षे

या स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून एखाद्या वाङ्मयीन विषयाची अपेक्षा असणार, हे मी जाणतो. परंतु ज्या गृहस्थांनी मला बोटाला धरून याच शाळेत आणून घातले, त्यांच्याविषयी मी आजवर जाहीरपणे एक शब्दही बोललो नाही. ती उणीव आज भरून काढतो.

अण्णा वेंगुर्ले तालुक्यातले. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून आरमारात भरती होण्याची रीत जुनीच; महायुद्धाने तिला उधाण आणले. १९३९ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत जेमतेम दोन हजार माणसे होती, ती १९४५ पर्यंत पंचवीस हजारांवर गेली. त्यांतले एक अण्णा. १९४२ मध्ये, विसाव्या वर्षी ते भरती झाले आणि मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेश-प्रशिक्षणाच्या तळावर कडकट्ट शिकले. पुढच्या उन्हाळ्यात रजेवर येऊन त्यांनी लग्न केले व पंधरा दिवसांत परत गेले.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. वेंगुर्ल्यास ती बातमी पोहोचली ती अफवांच्या रूपाने. आई त्या वेळी सतरा वर्षांची. अण्णांचे कार्ड येईपर्यंत तिने सोमेश्वराला काय काय बोलून ठेवले होते, ते फेडताना पुढे घरात बरीच ओढाताण झाली! कार्डावर मजकूर एवढाच, की प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी. युद्धकाळात याहून अधिक लिहिण्याची सोयही नव्हती. १९४५ च्या आरंभी ‘नर्मदा’ ही युद्धनौका आराकानच्या किनाऱ्यावर जपान्यांवर तोफा डागत होती, तेव्हा अण्णा तिच्यावर होते. त्याविषयी ते फक्त खाडीतल्या डासांबद्दल बोलत.

वर्षअखेरीस ते पुन्हा ‘तलवार’वर आले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तेथल्या नाविकांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध काम बंद केले. पाहता पाहता मुंबई, कराची आणि इतर बंदरांतील जहाजे त्यात सामील झाली. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट यांची निशाणे एकत्र फडकली. २१ तारखेस कॅसल बॅरॅक्सपाशी गोळीबार झाला, पुढे शहरात दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. २३ तारखेस, सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून, नाविकांनी शरणागती पत्करली. कोणी यास बंड म्हणतात, कोणी उठाव. अण्णा नेहमी ‘संप’ म्हणत. इतिहासाचा वाचक म्हणून मला तो शब्द तोकडा वाटतो, आणि एकदा मी तसे बोलून दाखवले. ते म्हणाले, “तू पुस्तकातलं सांगतोस. आम्ही जेवायला बसलो नाही, एवढंच मला ठाऊक आहे.”

शेकडो नाविकांना बडतर्फ करण्यात आले. अण्णा त्यांत होते. नोकरीसाठी ते एका कचेरीत गेले, तेव्हा हातातला कागद वाचून तेथल्या साहेबांनी तो न बोलता परत केला. दोन नेत्यांच्या तसबिरी त्याच भिंतीवर होत्या, हे मात्र अण्णांनी मला तीनदा सांगितले. अखेर आंबोलीचा घाट चढून ते बेळगावास आले आणि रविवार पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात दिवाणजी झाले. तेथेच आमचा संसार झाला. १९५६ मध्ये आम्ही राहत्या घरातून न हलता दुसऱ्या राज्यात गेलो, तो वेगळा विषय.

आमच्या घरी तांदूळ दोनदा निवडला जाई. एकदा सकाळी, आणि भात टाकण्याआधी पुन्हा एकदा, उजेडात सूप धरून. लहानपणी मला तो आईचा चोखंदळपणा वाटे. अण्णा गेल्यावर, १९८७ मध्ये, ती एकट्यापुरता मूठभर तांदूळ घेऊन तशीच बसलेली पाहून मी कारण विचारले. ती म्हणाली, “मुंबईहून आले त्या रात्री त्यांच्या घासात खडा आला. बोलले काही नाहीत. घास खाली ठेवला आणि किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसले.”