अनवाणी पायांवरचा आळ



माझे शालेय शिक्षण थोडे. इतिहास शिकलो तो कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे एक खोड जडली आहे. कोठे अपयश आले आणि दोष तळच्या माणसावर ढकलला गेला, की मी आधी कागद मागतो. आज अशाच एका आळाची छाननी करू.

१९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली. गटातील इतर देशांनी माघार घेतल्याने भारताला प्रवेश मिळाला होता. तरी आपला संघ गेला नाही. का गेला नाही? आपल्या पोरांना बूट घालता येत नव्हते, म्हणून! ही गोष्ट घरोघर सांगितली जाते.

आता नोंदी पाहू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळले. फ्रान्सकडून ते हरले, पण २-१ असे. आणि तेही दोन पेनल्टी वाया गेल्यावर. १९५० साली महासंघाने कारणे दिली ती निवडीतील मतभेदांची आणि अपुऱ्या सरावाची. लांबचा समुद्रप्रवास होता, आणि त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकचे महत्त्व विश्वचषकाहून अधिक मानले जाई. त्या पिढीतले शैलेन मन्ना यांनीही पुढे सांगितले, की बुटांचे कारण ही केवळ सबब होती. म्हणजे निर्णय झाला कचेरीत आणि बोल लागला पायांना! गिरणीत माल बिघडला, की पहिली चौकशी विणकराची होते. सूत कोणी खरेदी केले, हे कोणी विचारीत नाही. त्यातलाच हा प्रकार.

ते पाय कच्चे होते काय? १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मन्नांच्या नेतृत्वाखाली भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवले. बूट नव्हते याची किंमत मोजावी लागली, हे मात्र खरे. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले. तेव्हा कोठे बूट सक्तीचे झाले.

पुढे काय झाले ते पाहा. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक, यांनी संघ घडवला. १९५६ साली मेलबर्न येथे भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसूझा यांचे तीन गोल. त्या ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. १९६२ साली जकार्ता येथे आपण दक्षिण कोरियावर २-१ अशी मात करून पुन्हा सुवर्ण जिंकले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगांनी त्या सामन्यात गोल केला. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाशी झुंजत होते आणि पुढच्याच वर्षी गेले. माणसे आपलीच होती. त्यांना शिस्त, साधने आणि जाणता मार्गदर्शक मिळाला, एवढाच फरक.

बॅडमिंटन हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते. १९५६ सालीच सांगलीचे नंदू नाटेकर यांनी क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. परंतु थॉमस चषक एकट्याच्या रॅकेटने मिळत नाही. तेथे एकेरीबरोबर दुहेरीच्या जोड्याही तितक्याच भक्कम लागतात. तशी फळी उभी राहण्यास २०२२ साल उजाडले. बँकॉकला भारताने प्रथमच अंतिम फेरी गाठली आणि चौदा वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला ३-० असे हरवले. लक्ष्य सेन जिंकला, सात्विकसाईराज आणि मुंबईचा चिराग शेट्टी ही जोडी जिंकली, मग श्रीकांत जिंकला. ज्या प्रणॉयने मलेशिया आणि डेन्मार्क यांच्याविरुद्ध, एकदा तर घोटा दुखावलेला असताना, निर्णायक सामने जिंकून दिले, त्याला अंतिम लढतीत कोर्टावर उतरावेच लागले नाही. तरीही सुवर्णपदक त्याच्याही गळ्यात पडले, आणि ते योग्यच झाले.

विजयाचा वाटा सर्वांना मिळतो, तर पराजयाचा हिशेबही सर्वांकडून घ्यावा. कचेरीत बसणाऱ्यांकडून आधी. पुढच्या वेळी कोणी आपल्या मुलाला बुटांची गोष्ट सांगू लागला, तर त्याला १९५१ ची दिल्लीही सांगायला सांगा.