ओसरी राहू द्या, चूल हलवा

चपला पायरीशीच काढा. ओसरी आत्ताच सारवली आहे, शेण अजून ओलं आहे. साल १८६८, वैशाख. भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा केला, त्याला जेमतेम वर्ष होतंय. जिथं जिल्ह्याची कचेरी बसली त्या गावाला लोक अजून बुऱ्हाच म्हणतात. तुम्ही मात्र तिथून थोडे लांब, वारासिवनीच्या बाजूच्या एका गावात, पोवार मालगुजाराच्या घरापुढे उभे आहात. हे घर कुणा एकाचं नाही. वैनगंगेच्या या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतून ते जुळवून घेतलंय. तुम्हाला त्यात दीडशेहून जास्त वर्षं हिंडायचं आहे, आणि शेवटी त्याच्या दुरुस्तीचा निर्णयही घ्यायचा आहे.

पुढचा भाग उभा राहिलाय, मागची भिंत चढतेय. ती जरा जवळून बघा. माती आणि धानाची तणस पाण्यात भिजवून रात्रभर मुरवलीय. सकाळपासून दोन गडी ती पायांनी तुडवतायत. बाया गोळे उचलून देतात, भिंतीवरचा माणूस ते दाबून बसवतो. आज चढेल तो थर हातभरच. मग काम थांबतं. तो थर वाळून कडक झाल्याशिवाय वर दुसरा घालायचा नाही, नाहीतर खालचा पोटातून फुगतो. म्हणून दीड हात रुंदीच्या या भिंतीला आखाजीच्या कितीतरी आधी हात घालावा लागतो आणि मृगाच्या आत तिच्यावर छप्पर पडावं लागतं.

अंगणाच्या कडेला कुंभाराचं चाक फिरतंय. तो चाकावर वर निमुळती होत जाणारी नळी काढतो, दोन्ही बाजूंनी तिच्यावर रेघ मारतो, आणि वाळल्यावर हलकेच टिचकी देतो. नळीची दोन कवेलू होतात. ती भट्टीतून निघाली की सागाच्या खांबांवरच्या म्यालीवर, फाट्यांवर, बांबूच्या कांब्यांवर एक उताणं, एक पालथं अशी बसतील. खांब मातीत पुरलेले नाहीत, दगडावर उभे आहेत. वाळवीला आणि ओलीला त्यामुळे खालून वर यायला सहज वाट राहत नाही. साग, बीजा, बांबू यांची इथं ददात नाही. आजही या जिल्ह्याचा निम्म्याहून जास्त भाग जंगल आहे.

आता ओसरीवर टेका. बाहेर ऊन कवेलू भाजतंय, आणि तुमच्या पाठीमागची भिंत गार आहे. दुपारची आच दीड हात मातीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. ओसरीची खोली बाज आडवी टाकून तिच्या पुढून माणूस जाईल एवढी. पुढचा छज्जा इतका खाली उतरलाय की उभ्या पावसाचं सोडाच, तिरप्या पावसाचं पाणीही भिंतीला लागू नये. वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलुखात मातीचं घर टिकतं ते या छज्ज्याच्या जोरावर. इथं पाहुणा बसतो, इथंच धान मोजतात, बाळंतिणीचं पोर उन्हं खातं, आणि म्हातारा शेवटचं आजारपण काढतो. घरातली सगळ्यात चांगली खोली हीच, आणि हिला दार नाही.

आत चला. माजघर, देवघर, शेणामातीनं लिंपलेल्या धानाच्या बांबूच्या ढोल्या. त्यापलीकडे स्वयंपाकखोली. वाकून जा, चौकट बुटकी आहे. काही दिसणार नाही. एक झरोका आहे, मुठीएवढा. चुलीवर वारा येऊ नये, चोर-जनावर शिरू नये, बाहेरच्याची नजर पडू नये म्हणून त्याहून मोठा ठेवलेला नाही. फुंकणीचा आवाज येतो आणि मागोमाग बाईचा: "बाहेर बसा जी, इथं लय धूर आहे." तुमच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तुम्ही बाहेर येता. ती आतच राहते. पुढच्या प्रत्येक मुक्कामाला आपल्याला या खोलीत डोकवायचं आहे.

१९०५. दूरवर लहान इंजिनाची शिट्टी ऐकू येतेय. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारा नॅरोगेजचा मार्ग या दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं सुरू झालाय, आणि बालाघाटजवळच्या भरवेलीचं मँगनीज परदेशातल्या पोलाद कारखान्यांकडे निघालंय. गाडीबरोबर लोखंड, काच आणि रॉकेलचे डबे आत येतात. घरात पैसा खेळतोय, आणि मालकानं ओसरीच्या डाव्या टोकाला भिंत घालून बैठक काढलीय.

या बैठकीत घरातली पहिली खरी खिडकी आहे: उभ्या गजांची, सागाच्या झडपांची, छातीएवढी उंच. तिच्यातून उजेड आत येतो तो थेट पुरुषांच्या हिशेबाच्या वहीवर पडतो. तुम्ही स्वयंपाकखोलीत जाता. झरोका मुठीएवढाच आहे. गज आणायला पैसे होते, सुतार घरीच होता, भिंत फोडायला एक दिवस लागला असता.

१९५१ चा एप्रिल. ३१ मार्चला मालगुजारी संपलीय. मध्य प्रदेशानं त्यासाठीचा कायदा आदल्या वर्षी केला होता. नागपूर अजून याच राज्याची राजधानी आहे. पाच वर्षांनी राज्यांची फेररचना होईल तेव्हा ते तिकडे जाईल आणि बालाघाट इकडे राहील. घरात मात्र फेररचना आजच चाललीय. तिघा भावांची वाटणी आहे, आणि अंगणाच्या मधोमध सुतळी ताणलीय.

आपल्याकडच्या घरांची सगळ्यात मोठी तोडमोड कुठल्याही फॅशननं केलेली नाही, वाटणीनं केली आहे, असं मला ठामपणे वाटतं. अंगणातून भिंत गेली की वारा तुटतो. पूर्वी पुढच्या दारातून आत आलेली झुळूक अंगणातून परसदारी निघून जायची, आता ती नव्या भिंतीवर आपटून थांबते. थोरल्याकडे ओसरी आणि बैठक गेली. मधल्याकडे माजघर. धाकट्याकडे स्वयंपाकखोली, परसदार आणि कोठा. मग ज्याला जे मिळालं नाही ते त्यानं जागा सापडेल तिथं काढलं. दोन नव्या चुली मांडल्या गेल्या: एक जिन्याखाली, एक ढोल्यांच्या खोलीत. दोन्हींना खिडकी नाही. थोरली सून जिन्याखाली अर्धवट वाकून भाकरी थापतेय. तिला उभं राहता येत नाही.

पुढे १९८४. कानावर मिक्सरचा नव्हे, फावड्याचा आवाज येतोय, स्लॅब पडतेय. रेजा डोक्यावर घमेली घेऊन रांगेनं चढतायत. सिमेंट आता तालुक्याच्या दुकानात मिळतं. मातीच्या भिंतीपेक्षा पक्की भिंत म्हणजे माणूस वर आला. त्या अभिमानाला मी नावं ठेवणार नाही. दर उन्हाळ्यात कवेलू फेरून ज्यांचे खांदे गेले, एका वानराच्या उडीत ज्यांचं छप्पर फुटलं आणि रात्रभर पोरांना कोपऱ्यात घेऊन बसावं लागलं, त्यांना स्लॅब हवी होती आणि त्यांचं बरोबर होतं.

पण स्लॅब कुठं पडली ते बघा. ओसरीवर. पुढचे सागाचे खांब काढून विकले, ओसरीला विटांची भिंत आली, लोखंडी ग्रिल आली, आणि तिचा हॉल झाला. मोझॅकची फरशी, भिंतीत शोकेस, शोकेसमध्ये टीव्ही. घरातला सगळ्यात गार भाग पाच इंच काँक्रीटखाली गेला. दिवसभर तापलेली ती स्लॅब रात्री अकराला तुमच्या अंगावर धग सोडते, आणि घरचे बाजा उचलून अंगणात जातात. मागं स्वयंपाकखोलीवर तेच जुनं कवेलू. गॅसची शेगडी आलीय, पण चहापुरती. भात अजून चुलीवर.

आता २०२५, एप्रिल. घर तुमचं आहे. मोकळी झालेली चुलत्याची बाजू तुमच्याकडे आली, अंगणातली भिंत पाडायला मोकळीक मिळाली, आणि मिस्त्री मोबाइलवर फोटो दाखवतोय: पीओपीचं फॉल्स सिलिंग, कडेनं निळे दिवे, टीव्हीमागे संगमरवरासारखी शीट. तो मनापासून सांगतो, "हॉल पहिले करून घ्या जी, बाकीचं मंग होत राहते."

इथं तुम्ही त्याला थांबवा.

पैसे मोजके आहेत. ते आधी स्वयंपाकखोलीत घाला. तिला परसदारच्या बाजूला आणा, जिथं समोरासमोर दोन झडपा ठेवता येतील: एक ओट्यावर, एक तिच्यासमोरच्या भिंतीत. नुसता एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. हवा बाहेर काढायची तर आत यायलाही वाट हवी. ओट्याची उंची फोटोवरून ठरवू नका. रोज रांधणाऱ्या माणसाला उभं करा, कोपर वाकवायला सांगा, कोपराच्या चार बोटं खाली खूण करा. बहुतेकींसाठी ती ३२ ते ३४ इंचांवर येते, तुमच्याकडे वेगळी येईल. मॉड्युलरचे तयार खोके भुशाच्या पाट्यांचे असतात, आणि इथल्या आषाढ-श्रावणात त्या खालून फुगतात. त्यापेक्षा कडप्प्याचे उभे कप्पे करा आणि त्यांना सागाची दारं लावा. जुन्या म्यालीची, फाट्यांची फळी निघतेच. कोपऱ्यात खाली बसून निवडा-वाटायला तीन-चार फूट मोकळी जमीन राहू द्या, घरातल्या म्हाताऱ्या बाईची ती कामाची जागा आहे. वर एक-दोन काचेची कवेलू बसली तर दिवसा दिवा लागणार नाही.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. चूल गेली की धूर जातो, आणि धूर गेला की वरच्या लाकडा-बांबूला घुण लागते. दीडशे वर्षं त्या काजळीनंच आढं राखलं होतं. म्हणून चूल हलवायच्या आधी लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजा, वाळू द्या, मग जवसाच्या तेलाचा हात फिरवा.

माजघराच्या मातीच्या भिंती पाडू नका, आणि त्यांना सिमेंटनं लिंपूही नका. माती ओल पिते आणि सोडते. वरून सिमेंटचा किंवा ऑइलपेंटचा थर चढला की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लॅस्टर पोपड्यांसकट खाली येतं. चुन्याचा गिलावा, चुन्याचाच रंग. वायरिंगसाठी भिंत चरू नका, बाहेरून पट्टीतून न्या. कोनाडे बुजवायला लोक उतावीळ असतात. ते ठेवा, आतून घोटून घ्या, एकात दिवा, दुसऱ्यात पुस्तकं. इतक्या जाड भिंतीत कपाट आयतंच तयार असतं.

न्हाणी आणि संडास रात्री म्हाताऱ्याला अंगण न ओलांडता गाठता यावेत. आत एक धरायची दांडी, खडबडीत फरशी, उंबरठा नको. यावर फार बोलायला नको, फक्त ते विसरू नका.

छपराचं राहिलं. मागच्या बाजूला कवेलू ठेवायचं असेल तर खाली बांबूची चटई आणि तिच्यावर जाड ताडपत्री घाला, म्हणजे वानरानं एखादं हलवलं तरी पाणी लगेच आत येत नाही. स्लॅब घालायचीच असेल तर मिस्त्रीला फिलर स्लॅब विचारा. लोखंडी सळ्यांच्या चौकटींत, खालच्या बाजूला, काँक्रीटऐवजी जुनी इंग्रजी कवेलू बसवायची ही पद्धत लॉरी बेकर या वास्तुकारानं केरळात भरपूर वापरली. सिमेंट वाचतं, वजन घटतं, मध्ये अडकलेल्या हवेमुळे उष्णता कमी उतरते, आणि खालून छताला कवेलूची नक्षी दिसते. त्या छताला पीओपीची गरज नाही. स्लॅबवर दर चैत्रात चुन्याचा पांढरा हात मारला तरी आतली धग उतरते.

आणि ओसरी. १९८४ ची पुढची भिंत काढता येते का, हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका, इंजिनिअरला दाखवा. वरच्या स्लॅबचा भार तिच्यावर असेल तर आधी खांब आणि तुळई द्यावी लागेल. ग्रिल सुरक्षेसाठी हवी असेल तर राहू द्या, भिंत मात्र कमरेएवढीच ठेवा. पुढे टिनाचा का होईना, अडीच-तीन फुटांचा छज्जा काढा आणि टिनाखाली बांबूची चटई ठोका, नाहीतर पावसात बोलणं ऐकू येणार नाही. खाली कोटा फरशी, कडेनं बसायला रुंद कट्टा, उन्हाच्या बाजूला बांबूचा चिक. बांबू तर बालाघाटच्याच जंगलातला.

घरची सून एवढा वेळ चौकटीत उभी राहून ऐकतेय. तुम्ही तिला विचारा, खिडकी कुठं हवी. ती लगेच सांगत नाही. स्वयंपाकखोलीच्या आखलेल्या जागेत जाऊन उभी राहते, हात पुढे करून ओटा धरल्यासारखं करते, मग डावीकडे सरकते. "इथं. म्हणजे पोट्टे अंगणात खेळतात ते दिसतीन."

मिस्त्री खडूनं खूण करतो. मोठी करा म्हणून सांगा, चार फूट बाय चार फूट. उद्या सकाळी पहिलं काम अंगणातली वाटणीची भिंत पाडायचं, मग ही खिडकी, मग छप्पर. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी छप्पर झालंच पाहिजे. हॉलचं दिवाळीनंतर बघू.