ग्रेच्चोच्या गव्हाणीतलं गवत

डिसेंबर उजाडला की आमच्या वसईतल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास येतो. जगातला पहिला नाताळ गोठा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी उभारला, अशा अर्थाचा. खाली सुबक चित्र असतं. बाळ येशू, मारिया, योसेफ, मेंढपाळ, वर चमचमता तारा. मजकूर साधारण बरोबर आहे, चित्र मात्र साफ चुकलेलं आहे. त्या रात्रीचं जे सर्वात जुनं वर्णन आपल्याकडे आहे, त्यात बाळाची मूर्ती नाही. मारिया-योसेफ नाहीत, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. आहे ते एवढंच: एक गव्हाण, तिच्यात गवत, एक बैल, एक गाढव. आणि त्या गव्हाणीवर अर्पण केलेली मिस्सा.

हे वर्णन थॉमस ऑफ चेलानो याचं. हा फ्रान्सिसच्याच संघातला बंधू. फ्रान्सिस १२२६ मध्ये वारला, १२२८ मध्ये पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं आणि लगेच थॉमसकडे चरित्र लिहायचं काम आलं. म्हणजे ग्रेच्चोची रात्र पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती, घटनेला जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. मध्ययुगातल्या संतचरित्रांत चमत्कारांची रेलचेल असते, याही चरित्रात आहे. पण जागेचे आणि कामाचे तपशील इतके साधे आहेत की ते रचलेले वाटत नाहीत.

ग्रेच्चो हे रोमच्या उत्तरेला, रिएतीच्या खोऱ्यात डोंगरउतारावर वसलेलं छोटं गाव. तिथे योहान नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ फ्रान्सिसच्या ओळखीचा होता. नाताळच्या पंधरा दिवस आधी फ्रान्सिसने त्याला बोलावून घेतलं. बेथलेहेममध्ये जन्मलेल्या त्या बाळाची कशी आबाळ झाली, बैल आणि गाढवाच्या शेजारी ते गवतावर कसं निजलं, हे मला या डोळ्यांनी पाहायचंय, असं त्याचं मागणं होतं. योहानने तयारी केली. नाताळच्या रात्री आजूबाजूच्या वस्त्यांमधून बाया-माणसं मेणबत्त्या आणि मशाली घेऊन डोंगर चढून आली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, डीकन होता, त्यामुळे मिस्सा दुसऱ्याने केली. फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन वाचलं, मग प्रवचन केलं. थॉमस सांगतो की ‘बेथलेहेम’ हा शब्द उच्चारताना त्याचा आवाज कोकराच्या बेंबें करण्यासारखा व्हायचा, आणि येशूचं नाव घेतलं की तो ओठांवरून जीभ फिरवायचा, जणू काही गोड खाल्लंय.

आता ‘पहिला’ या शब्दाबद्दल. रोमच्या सान्ता मारिया माज्जोरे या महामंदिरात येशूच्या गव्हाणीचे म्हणून मानलेले लाकडी अवशेष त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होते. युरोपातल्या चर्चांमध्ये नाताळाची छोटी नाट्यंही होत. बैल आणि गाढव तर लूकच्या शुभवर्तमानात नाहीतच. ते आले यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, तिथे पहिल्याच अध्यायात तक्रार आहे की जनावरांना आपला धनी कळतो, माणसांना कळत नाही. तेव्हा फ्रान्सिसने शून्यातून काही शोधून काढलं असं नाही. नवं होतं ते हे की त्याने महामंदिरातली गव्हाण उचलून डोंगरातल्या शेतकऱ्यांपुढे आणली, खऱ्या गवतासह, खऱ्या शेणाच्या वासासह. चाळीसेक वर्षांनी बोनाव्हेंतुरा याने लिहिलेल्या चरित्रात तर म्हटलंय की लोकांना हे नवं खूळ वाटू नये म्हणून फ्रान्सिसने आधी पोपची परवानगी काढली होती.

काळही लक्षात घ्यायला हवा. बेथलेहेम आणि जेरुसलेम मिळवण्यासाठी युरोप सव्वाशे वर्षं क्रुसेडची युद्धं लढत होता. चार वर्षांपूर्वीच, १२१९ मध्ये, फ्रान्सिस स्वतः इजिप्तमध्ये डॅमिएटाच्या वेढ्यात जाऊन आला होता. तिथे त्याने ख्रिस्ती सैन्याची छावणी पाहिली, मग सीमा ओलांडून सुलतान अल-कामिलला भेटला आणि सुखरूप परतला. त्याच माणसाने परत येऊन इटलीतल्या एका आडगावात बेथलेहेम मांडलं. दोन्ही गोष्टींचा संबंध थॉमस जोडत नाही, मी जोडतोय. पण ज्याने बेथलेहेमसाठी पडलेली प्रेतं पाहिली, त्याला बेथलेहेम इथेच भेटू शकतं असं वाटणं मला फार समजण्यासारखं वाटतं.

फॉरवर्डमध्ये न येणारा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग इथून सुरू होतो. फ्रान्सिसच्या लेखी नाताळ म्हणजे खाण्याचा सण होता, आणि तो खाण्याचा प्रश्न उपासनेपासून वेगळा नव्हता.

एकदा नाताळ शुक्रवारी आला. शुक्रवार म्हणजे मांस वर्ज्य. बंधूंमध्ये वाद सुरू झाला की आज उपास धरायचा की नाही. मोरिको नावाच्या बंधूने उपासाची बाजू मांडली तेव्हा फ्रान्सिस चक्क चिडला. ज्या दिवशी ते बाळ जन्मलं त्या दिवसाला शुक्रवार म्हणणंच पाप आहे, आज भिंतींनीसुद्धा मांस खाल्लं पाहिजे, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान बाहेरून तरी फासा, असं त्याचं म्हणणं. आयुष्यभर शिळे तुकडे खाणारा, जेवण चवदार लागलं तर त्यात राख मिसळणारा हा माणूस! त्याला कंजूस वैरागी समजणाऱ्यांनी ही गोष्ट वाचावी.

दुसरी आठवण पाखरांची. मला सम्राटाशी बोलता आलं असतं, तर मी त्याला एक सार्वत्रिक फर्मान काढायला सांगितलं असतं, असं तो म्हणायचा. नाताळच्या दिवशी ज्यांना शक्य आहे त्यांनी रस्त्यांवर धान्य टाकावं, म्हणजे पाखरांना, विशेषतः चंडोलांना, पोटभर मिळेल. बैलांना आणि गाढवांना त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त वैरण घालावी. आणि श्रीमंतांनी गरिबांना जेवू घालावं. ही मागणी एखाद्या दयाळू माणसाने ‘जमलं तर करा’ म्हणून केलेली नाही. कायदा मागितलाय, तोही सम्राटाकडे.

तिसरी गोष्ट ग्रेच्चोच्याच मठातली. सणाचा दिवस. पाहुणा आलेला, म्हणून बंधूंनी टेबल जरा उंचावर मांडलं, पांढरी चादर घातली, काचेचे पेले ठेवले. फ्रान्सिसने ते पाहिलं आणि गुपचूप बाहेर गेला. त्या दिवशी दारात आलेल्या एका गरिबाची टोपी आणि काठी घेतली, आणि सगळे जेवायला बसल्यावर दारात उभा राहून भीक मागितली. आत बोलावल्यावर वाढलेला वाडगा घेऊन चुलीजवळ जमिनीवर बसला. थॉमसच्या दुसऱ्या चरित्रात हा प्रसंग ईस्टरचा आहे, सोबत्यांच्या आठवणींच्या संग्रहात नाताळचा. माझं मत नाताळाकडे झुकतं, कारण दारात उभा राहिलेला आणि आत जागा नसलेला माणूस हीच तर त्या रात्रीची कथा आहे.

भिंतीला मांस फासा म्हणणारा माणूस काचेच्या पेल्यांवर का रुसला? आधी मला यात विसंगती वाटायची. आता वाटत नाही. मेजवानीला त्याची हरकत नव्हती. दार आतून लावून केलेल्या मेजवानीला होती. सणाला जे काही जास्तीचं होतं ते बाहेर वाहत गेलं पाहिजे, भिंतींपर्यंत, गोठ्यापर्यंत, रस्त्यावरच्या चंडोलांपर्यंत.

म्हणूनच गव्हाणीवर मिस्सा करण्याला अर्थ होता. गव्हाण म्हणजे खायची जागा, जनावराचं ताट. बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ ‘भाकरीचं घर’. ख्रिस्ती श्रद्धेत मिस्सेत भाकर मोडून वाटली जाते आणि तो ख्रिस्ताचा देह मानला जातो. ग्रेच्चोत हे सगळं एकावर एक ठेवलं गेलं. खाली वैरण, वर भाकर. बाळाच्या मूर्तीची गरजच पडली नाही, कारण श्रद्धावानांच्या दृष्टीने बाळ वर येणारच होतं. आणि ज्या उपासनेत देव स्वतः वाटला जातो, तिथून हात आखडून घरी जाणं हा फ्रान्सिसच्या मते भक्तीतलाच तुटवडा होता. श्रद्धा वेगळी आणि दानधर्म वेगळा, अशी दोन खाती त्याने कधी उघडली नाहीत.

मिस्सा झाल्यावर त्या गवताचं काय झालं, हेही थॉमस नोंदवतो. ते जपून ठेवलं गेलं. आसपासच्या आजारी जनावरांना ते खायला दिलं आणि ती बरी झाली. अडलेल्या बाळंतिणींच्या अंगावर ते ठेवलं आणि त्या सुखरूप सुटल्या. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. मला एवढंच दिसतं की देखावा संपला तरी गवत कामाला आलं.

पुढच्या पाचशे वर्षांत गोठा फार सुंदर झाला. अठराव्या शतकात नेपल्सचा राजा चार्ल्स बुर्बोन याला गोठ्याचं वेड होतं, आणि राजाला वेड म्हटल्यावर सरदारांना आलंच. रेशमी कपड्यांतल्या मूर्ती, काचेचे डोळे, मासळीबाजार, खाणावळी, पौर्वात्य पोशाखांतली तीन राजांची मिरवणूक. नेपल्सच्या सान मार्तिनो संग्रहालयात कुचिनिएल्लो गोठा नावाचा एक प्रसिद्ध देखावा आहे, माणसं, जनावरं, भांडीकुंडी मिळून शेकडो वस्तूंचा. त्यात बाळ येशू शोधावा लागतो. कारागिरी अचाट आहे आणि त्या काळच्या नेपल्समधल्या गरिबांचे चेहरेही तिथेच सापडतात, टपरीवाले, भिकारी सगळे. फक्त आता गरीब माणूस गोठ्यात मूर्ती म्हणून आला होता, आणि गोठा महालात होता.

वसईचं फ्रान्सिसशी नातं जुनं आहे. १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि पुढच्या काही वर्षांत फ्रान्सिसचे अनुयायी इथे आले. किल्ल्यात आजही त्यांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत, फरशीवर कोरीव थडगी आहेत. प्री-वेडिंग शूटसाठी तिथे रांग लागते. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू झाले, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत ठरले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. ‘नाताळ’ हा त्यांचाच शब्द मराठीत राहिला, आणि गोठाही राहिला.

आणि कसा राहिला! गल्लोगल्ली गोठे, स्पर्धा, परीक्षक, फिरत्या मूर्ती, धबधबे, ड्रोन शॉट. मला हे आवडतं, लपवायचं कारण नाही. पंधरा दिवस आधी टोपल्यांत नाचणी आणि गहू पेरून हिरवीगार शेतं उगवायची, बांबू तासायचे, रात्री दीडला कुणाच्या तरी आईने आणलेला चहा प्यायचा. आमच्या पिढीतली कितीतरी मुलं चर्चशी या गोठ्यामुळे जोडलेली राहिली आहेत. पण मिस्सा सुरू असताना बाहेर वायर जोडत बसलेली मुलंही मी पाहिली आहेत. आजी ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तिथे करंज्यांचं पहिलं ताट पाठवायची, आपल्या घरी कुणी खाण्याआधी. ती ताटं कमी होत गेली आणि गोठ्याचं बजेट वाढत गेलं. दोन्हींचा थेट संबंध नसेलही. ग्रेच्चोच्या गोष्टी वाचल्यापासून मला तो दिसायला लागलाय.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या बैठकीत मी हे मांडलं. वर्गणीतला अर्धा भाग मागच्या चाळीतल्या बिगारी कामगारांच्या नाताळच्या जेवणासाठी काढू, त्यांना पाकिटं न वाटता पंगतीला बोलावू, आणि रोषणाई रात्री दहाला बंद करून सगळे मिस्सेला जाऊ. विरोध झाला. एकजण म्हणाला, मग नंबर कसा येणार? प्रश्न रास्त होता. दोन तास बोलणं झालं आणि अर्ध्याऐवजी एक तृतीयांशावर मिटलं. पंगत झाली. नंबर आला नाही.

पेंढ्याचं मात्र त्याच बैठकीत एकमताने ठरलं. आम्ही तो आणतो त्या घरी अजून दोन म्हशी आहेत. दरवर्षी तीन राजांचा सण झाला की गोठा मोडायचा आणि गोंद, चमकी, थर्माकोलचे कण चिकटलेला पेंढा कचऱ्याच्या गाडीत जायचा, कारण म्हशी त्याला तोंड लावत नसत. यंदापासून पेंढ्याला गोंद लावायचा नाही, चमकी टाकायची नाही. जानेवारीत तो गोणीत भरून परत द्यायचा.