वरणावरचा आळ

जिंतुरात कुणाचा पायाचा अंगठा रातोरात सुजला, लालबुंद झाला, पांघरूणसुद्धा सोसवेना आणि रक्ताच्या रिपोर्टात युरिक ॲसिड आठच्या वर निघालं, की घरात पहिला हुकूम सुटतो : वरण बंद. मागोमाग पालक जातो, टोमॅटो जातो, फ्लॉवर जातो. ‘आंबट’ म्हणून दही-ताकही जातं. ताटात उरते भाकरी आणि चटणी. शेजारी हेच सांगतात, पाहुणे हेच सांगतात, मोबाइलवर फिरणारे निरोपही हेच सांगतात.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. प्युरीन हा पेशीपेशीत असणारा घटक. तो मोडला की युरिक ॲसिड तयार होतं. रक्तात त्याचं प्रमाण डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की ते पुरतं विरघळत नाही, सुईसारखे बारीक स्फटिक होऊन सांध्यात साचतं आणि गाउट भडकतो. डाळीत प्युरीन असतं. म्हणून डाळ वाईट. यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

डाळीमुळे गाउट होतो का, हे डाळीतलं प्युरीन मोजून कळत नाही. डाळ खाणारी माणसं मोजावी लागतात. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये असा हिशेब आला. ४७ हजारांवर अमेरिकी पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यांतल्या ७३० जणांना नव्याने गाउट झाला. मांस-मासे जास्त खाणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला. वाटाणे, घेवडे, मसूर, पालक, फ्लॉवर खाणाऱ्यांत तो वाढला नाही. दूध-दही जास्त घेणाऱ्यांत तर कमी निघाला.

यावर कुणी म्हणेल, अमेरिकेत वरण खातं कोण? शंका रास्त आहे. म्हणून सिंगापूरच्या चिनी लोकांची पाहणी बघावी. ती २०१५ची, ५१ हजारांवर माणसांची. कोंबडी आणि मासे जास्त खाणाऱ्यांत तिथेही गाउट जास्त. सोयाबीनचे पदार्थ आणि इतर कडधान्यं खाणाऱ्यांत कमी.

परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी चरकसंहितेतला वातरक्ताचा अध्याय उघडावा, चिकित्सास्थानातला एकोणतिसावा. वातरक्त आणि आजचा गाउट तंतोतंत एकच, असा माझा दावा नाही. पण वैद्य मंडळी दोन्ही जोडतात, तेव्हा त्यांच्याच ग्रंथाला विचारू. कुळीथ, उडीद आणि वाल यांना तिथे कारणांत बसवलं आहे. पण तूर, हरभरा, मूग, मसूर आणि मटकी यांचं कढण भरपूर तूप घालून द्यावं, असंही त्याच अध्यायात सांगितलं आहे. म्हणजे तुरीचं वरण आणि वर तुपाची धार. दही-ताकाबाबत मात्र चरक माझ्या विरुद्ध आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे मी आजच्या मोजमापाच्या बाजूने उभा आहे.

मग लोकांना वरण बाधल्याचा अनुभव येतो तो कसा? ज्या घरात रोज वरण शिजतं, तिथे प्रत्येक भडक्याच्या आदल्या दिवशी वरण खाल्लेलं असणारच. टोमॅटोचं जरा वेगळं. न्यूझीलंडच्या रुग्णांनीही त्याच्याबद्दल तक्रार केली आहे, तेव्हा ज्याला खरंच बाधतो त्याने टाळावा. सगळ्या तालुक्याने नको.

वरण काढलं की आपल्या ताटाचं काय होतं, ते बघा. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ ज्वारी दिली आणि बीडीएन ७११ ही तूरही दिली. शेतात शेजारी असलेली ही जोडी ताटात मोडायची कशासाठी? आंबाडीच्या भाजीत तर तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या दोन्ही लागतात. साठीच्या शाकाहारी माणसाचं वरण तोडलं की त्याची प्रथिनंच तुटतात. मूत्रपिंडं अधू असतील तर डाळ किती खावी याचा हिशेब निराळा. तो डॉक्टरांनी मांडावा.

खरा संशय मटणाच्या पातेल्यावर घ्यावा. प्युरीन पाण्यात उतरतं. मटण शिजताना ते फोडींतून सुटून अळणीत जातं, आणि आपण तीच अळणी ‘ताकद येईल’ म्हणून दुखणेकऱ्याला वाटीने पाजतो. गुडघे धरले की पायाचं सूप सुचवणारेही पुष्कळ. काळीज आणि गुर्दा तर सोडावेतच. येलदरी धरणातला मासा कधीमधी खायचा असेल तर दोन तुकडे, रस्सा कमी. बीअर तर मांसाइतकीच दोषी. आणि साखर! तिच्यातलं फ्रुक्टोज मोडताना युरिक ॲसिड वाढतं. थंड पेयांच्या बाटल्या त्यामुळेच वाईट. गुळाचा चहा पिऊन सुटल्यासारखं वाटतं खरं, पण गूळही बहुतांशी साखरच.

वैशाखात परभणीकडे पारा ४४च्या आसपास जातो. अंगातलं पाणी आटतं, रक्तातलं युरिक ॲसिड दाट होतं. निरंकार उपासातही तेच. पोट रिकामं राहिलं की मूत्रपिंडं ते कमी बाहेर टाकतात. ज्याला गाउट आहे त्याने एकादशीला पाणी तरी सोडू नये.

पथ्याची ताकदही बेताचीच आहे. बहुतेक युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं आणि बहुतेकांचा दोष ते बाहेर टाकण्यात असतो. काटेकोर खाऊनही आकडा एखाद्या मिलिग्रॅमने उतरतो. नऊवरून सहाच्या खाली आणायला गोळी लागते. ॲलोप्युरिनॉल ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८चं नोबेल मिळालं. ही गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने अंगठा पुन्हा भडकू शकतो, कारण जुना साठा विरघळायला लागलेला असतो. नेमक्या त्या दिवसांत घरचे म्हणतात, कालचं वरण भोवलं. मग वरणही सुटतं आणि गोळीही. भडका आवरायचं औषध डॉक्टर सोबत देतात, ते घ्यावं, आणि गोळी त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये.