शरणपूरचे यात्रिक

वसई-मुंबईकडून नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस येणारी भाविक कुटुंबे द्वारका चौकात पुण्याच्या रस्त्यास लागतात. याच नाशिक शहराच्या दुसऱ्या अंगाला शरणपूर आहे. स्वर्ग हेच आपले खरे घर, असे आपण प्रियजनांच्या दफनविधीत ऐकतो. या श्रद्धेचा अर्थ समजून घेण्यासाठी शरणपूरचा इतिहास आम्हांस मोलाचा वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशनने हे ख्रिस्ती गाव वसविले. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार अडवीत असे. त्यांतून सुटका झालेल्या काही आफ्रिकी मुलांना मुंबईमार्गे येथे आणले गेले. त्यांना शिक्षण मिळाले, हाताला काम मिळाले, श्रद्धा लाभली. परंतु आईबाप आणि जन्मगाव कायमचे दुरावले होते.

जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांना साहाय्य करण्यासाठी १८७२ साली जी तुकडी आफ्रिकेच्या अंतर्भागात गेली, तीत तो होता. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकबने. पुढे चुमा व सुसी यांच्या नेतृत्वाखाली त्या सर्वांनी तो देह कित्येक महिने पायी वाहून समुद्रकिनारी पोहोचविला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता. ज्याचे स्वतःचे घर लहानपणीच हिरावले गेले, त्याने दुसऱ्याला त्याच्या मायभूमीपर्यंत पोहोचविले!

शरणपूरचे आणखी काही आफ्रिकी ख्रिस्ती जन मोंबासाजवळ १८७५ साली वसलेल्या फ्रिअर टाउनमध्ये गेले. तेथे त्यांनी नव्याने सुटलेल्या गुलामांना आधार दिला. एकेकाळी ज्यांना आश्रय मिळाला, तेच आता इतरांचा आश्रय झाले.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अब्राहामादी पूर्वजांना पृथ्वीवरील परके व प्रवासी म्हटले आहे. त्यांची ओढ स्वर्गीय नगराकडे होती. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही १९६४ साली ख्रिस्तसभेचे वर्णन यात्रिक असे केले. मात्र स्वर्गाच्या आशेने ऐहिक कर्तव्य शिथिल होऊ नये, उलट त्यास बळ मिळावे, असे त्याच महासभेने १९६५ साली बजावले. स्वर्गाकडे डोळे लावणारा मनुष्य जगाकडे पाठ फिरवितो, हा आक्षेप आपण पुष्कळदा ऐकतो. शरणपूरच्या या माणसांच्या चरित्रात त्याचे उत्तर आहे.

आजही पोटापाण्यासाठी गाव सोडून कितीतरी कुटुंबे आपल्या शहरांत येतात. रविवारी आपल्याच बाकावर बसलेले एखादे कुटुंब भाड्याच्या खोलीसाठी वणवण करीत असते. त्याची साधी विचारपूस तरी आपण करतो काय? पित्याच्या घरी सर्वांसाठी जागा आहे, असे आपण मानतो. मग आपल्या धर्मग्रामात, आपल्या ओसरीवर त्यांच्यासाठी थोडी जागा करणे, हाच त्या घराकडे जाणारा मार्ग होय.